देवकाबाईचं फूल

सकाळी सहाच्या सुमारास तळ्याचं तुडूम, म्हणजे पाणी सोडायची मोरी, उघडलं आणि रानपारडी गावाचं पाणी नाल्याला लागलं. साल १९५७, चैत्र संपत आलेला. खुशालभाऊ ढिवर छातीइतक्या पाण्यात उतरला, तुडुमाच्या तोंडात ठोकलेला लाकडी डाट त्यानं दोन्ही हातांनी हलवून हलवून उपसला आणि वर येऊन अंग न पुसताच बिडी मागितली. तळ्याच्या पारीवर, म्हणजे बांधावर, गाव जमलं होतं. उन्हाळ्यात भरलं तळं आपल्याच हातानं रिकामं करायचं, असं त्या गावात याआधी कधी घडलं नव्हतं.

पाणी उतरत होतं, पण उतरताना दिसत नव्हतं. दिसायला पाणीच नव्हतं. या काठापासून त्या काठापर्यंत जाड, चकचकीत, गोल पानांचा पट्टा पसरला होता आणि त्यातून जांभळ्या फुलांचे दांडे उभे होते. दुपारी तो सगळा हिरवा पट्टा वीतभर खाली बसलेला आढळला, तेव्हा लोकांना कळलं की तुडूम चालू आहे.

देवकाबाई पारीच्या दुसऱ्या टोकाला एकटी बसली होती. तळं सोडायचं हे तिनंच सुचवलं होतं. आणि तळ्यात ही वनस्पती आणली तीही तिनंच. गावात हे सगळ्यांना ठाऊक होतं. या झाडाला तिथे दुसरं नावच नव्हतं, लहानमोठे सगळे त्याला 'देवकाबाईचं फूल' म्हणत.

तिचा मुलगा वारलू खाली चिखलात उभा राहून तुडुमाच्या तोंडाशी अडकलेले झाडांचे गड्डे ओढून काढत होता. त्यानं घरात एकदाच सांगितलं होतं. यंदा शिंगाडा लागला नाही, तर तो आणि त्याची बायको कमळा बल्लारपूरकडे कोळशाच्या खाणीवर जाणार. खाणीसाठी माणसं गोळा करणारा मुकादम चामोर्शीच्या बाजारात येऊन नावं विचारून गेला होता. वारलूनं अजून नाव दिलं नव्हतं. आषाढापर्यंत थांब, असं आईनं म्हटलं होतं आणि तो थांबला होता.

देवकाबाईचं सगळं आयुष्य शिंगाड्यात गेलं होतं. आषाढात बोडीतला, म्हणजे लहान तळ्यातला, कोवळा वेल आणायचा, त्याच्या जुड्या बांधायच्या आणि पाण्यात उभं राहून पायाच्या अंगठ्यानं त्या चिखलात दाबायच्या. वेल पाणी वाढेल तसा वर येतो. पानांचं कडं पाण्यावर तरंगत राहतं, कारण प्रत्येक पानाच्या देठात फुगा असतो. दिवस कलता कलता पांढरं फूल वर उघडतं, मग त्याचा दांडा वाकून पाण्यात जातो आणि फळ खाली, डोळ्याआड धरतं. दिवाळीच्या सुमारास हात घालून काढायचं. उन्हाळ्यात पाणी आटलं की वेल मरतो. तळ्यातलं सगळंच असं होतं. पोयणी, कमळ, शेवाळ, काय असेल ते पाण्याबरोबर येई आणि पाण्याबरोबर हटे. काठावर राहणाऱ्या माणसानं तळ्यातल्या झाडाची भीती बाळगावी, असं तिला कधी कुणी शिकवलंच नव्हतं.

चार वर्षांपूर्वी ती चांद्याला भावाकडे गेली होती. भाऊ मुखरू तेव्हा एका बंगल्यातला शोभेचा हौद साफ करायच्या कामावर होता. ती त्याची भाकर घेऊन गेली. हौदाबाहेर उपसलेल्या झाडांचा ढीग पडला होता. कोरड्या मुरमावर, उन्हात, कितीतरी दिवसांचा. आणि त्या ढिगावर फुलं उमलली होती. जांभळी, पातळ, वरच्या पाकळीवर निळ्या कडेचा पिवळा डोळा, मोराच्या पिसासारखा. तिनं एक झाड उचलून पाहिलं. देठाला फुगा होता, शिंगाड्याच्या फुग्यापेक्षा मोठा, लिंबाएवढा.

"मुखरू, हे शिंगाड्याचीच बहीन दिसते गा," ती म्हणाली होती.

"बहीन असो नाई तं नणंद असो, पाह्यजे तं घेऊन जाय. मले तं फेकाचीच हाय."

पाण्यावाचून इतके दिवस राहून फुललेलं झाड पाहून तिला केवढं कौतुक वाटलं होतं. आता पारीवर बसून तिला तेच आठवत होतं. जे पाहून घाबरायला हवं होतं, ते पाहूनच तिनं ते झाड ओल्या फडक्यात गुंडाळलं होतं.

पहिल्या वर्षी ते अंगणातल्या नांदेत राहिलं. मुळाशेजारून एक आडवी दांडी निघायची, तिच्या टोकाला नवं पोर बसायचं, आणि त्या पोराला पुन्हा दांडी फुटायची. नांद भरली तेव्हा गावातल्या बाया पाहायला आल्या. शेजारच्या मनकर्णानं फूल केसात खोवलं आणि दिवसभर मिरवलं. दुसऱ्या दिवशी फुलं मिटली आणि त्यांचा दांडा आपोआप वाकून पाण्यात शिरला. देवकाबाईनं ते पाहिलं आणि तिची खात्री पटली. शिंगाडा असाच वाकतो. याला खाली फळ धरणार. नांदेतलं पाणी उथळ आहे म्हणून धरत नसेल.

म्हणून श्रावणात तिनं गड्डे टोपलीत भरून तळ्याच्या कोपऱ्यात सोडले. कार्तिकात ती रोज हात घालून चाचपायची. हाताला काळ्या, केसाळ मुळ्या लागत, फळ लागत नसे. त्या वाकलेल्या दांड्यांतून धुळीसारखं बारीक बी चिखलात उतरत होतं. ते तिला दिसलं नाही. कुणालाच दिसण्यासारखं नव्हतं.

उन्हाळ्यात कडेची झाडं सुकून तपकिरी झाली. संपलं, असं ती समजली. खोलातल्या पाण्यात काही राहिली होती, तिकडे तिनं लक्ष दिलं नाही. दुसऱ्या वर्षी अर्धा काठ भरला. तिसऱ्या वर्षी वारा सुटला की पानांचा एकसंध तराफा या काठावरून त्या काठावर सरके आणि वाटेतला शिंगाड्याचा वेल मुळासकट ओढून नेई. जो वेल राहिला, तो खाली अंधारात पिवळा पडून कुजला. डोंगा, म्हणजे लाकडी होडी, मध्येच अडकायला लागला, जाळं टाकायला उघडं पाणी राहिलं नाही. सकाळी मासे तोंड वर काढून धापा टाकत. लोकांनी विळे घेतले, झाडं कापली आणि कापलेली तिथेच सोडली. कांडं उरलं की त्याला पान फुटे. कापण्यानं ती वाढलीच.

"देवकाबाई," मनकर्णा एकदा काठावरून ओरडली होती, "तुह्या फुलाले माह्या केसात जागा नाई राह्यली आता! नवऱ्याच्या जाळ्यात बी तेच, चुलीजवळ बी तेच!"

बाया हसल्या. देवकाबाईही हसली. घरी येऊन मात्र ती जेवली नाही.

फाल्गुनात गावची बैठक झाली तेव्हा तीच उभी राहिली. "पानी सोडा," ती म्हणाली. "सगळं सोडा. पान्यातलं झाड हाय, पान्याबिगर मरन. शिंगाडा मरते तसं."

शेतकऱ्यांच्या बाजूनं दादाजीभाऊ बसले होते. "अन् ढोरं काय पिइन वो बाई? तुह्ये आसू?"

"नदीवर न्या लागन, भाऊ. दोन महिने."

"दोन मैल उन्हात?"

"आमची पोरं नेतीन," खुशालभाऊ मध्ये पडला. "तुमची ढोरं आमी नेऊ. पर हे ठेवलं तं पुढच्या साली तुमच्या धानाले बी पानी नाई भेटनार. तुडुमात गड्डे अडकून राह्यले, पाहा ना जाऊन."

दादाजीभाऊंनी सुपारी थुंकली. मग देवकाबाईकडे पाहून म्हणाले, "बाई, तुले पक्कं माहीत हाय ना, मरन म्हणून?"

"माहीत हाय," ती म्हणाली. तिला तसं खरंच वाटत होतं.

तळं रिकामं व्हायला आठवडा गेला. शेवटच्या दिवशी सगळं गाव चिखलात उतरलं. मरळ आणि शिंगी हातांनी धरली, झिंगे टोपल्यांनी वेचले. त्या रात्री सगळ्या घरांतून माशांचा वास येत होता, आणि तळ्यातून कुजणाऱ्या पानांचा. मग दाताळे घेऊन बायामाणसांनी झाडं ओढली, पारीवर ढीग घातले, वाळल्यावर पेटवले. झाड बहुतेक पाणीच होतं. एवढ्या मोठ्या ढिगाची राख दोन टोपल्या निघाली.

वैशाखभर देवकाबाई उन्हं तापायच्या आधी तळ्याच्या उघड्या पोटात हिंडायची. चिखलाला भेगा पडल्या, तरी काही ठिकाणी भेगेत खोल ओल होती आणि तिथे एखादा गड्डा हिरवा बसलेला असायचा, पानं लहान, देठ आखूड, फुगे आटलेले. पाणी गेल्यावर तो जमिनीतल्या झाडासारखा मुळं रोवून बसला होता. ती खुरप्यानं तो मुळासकट काढायची आणि पदरात घेऊन यायची. चुलीत घालायची. ज्येष्ठ लागला तेव्हा तिला एकही हिरवं पान सापडेना.

वारलूनं हे पाहिलं. एका सकाळी त्यानं डोंगा उलटा घालून त्याच्या फटीत राळ भरायला घेतली. कमळा सासूला म्हणाली, "मामी, ते राळ लावून राह्यले." देवकाबाईला दुसरीकडे पाहून उभं राहावं लागलं.

तुडुमात डाट पुन्हा ठोकला आणि मृगानंतर तळ्यात पाणी आलं. आधी पायाच्या घोट्याइतकं, मग मांडीइतकं. स्वच्छ, लालसर पाणी, वर एक पानही नाही. खुशालभाऊनं पारीवरून ते पाहिलं आणि म्हणाला, "बाई, तू म्हणली तसंच झालं वो." मनकर्णानं काठावर येऊन हात जोडायचं सोंग केलं. "देवकाबाई, यंदा चांद्याले गेली तं भावाले भेटजो, पर रिकाम्या हातानं येजो!" या वेळी देवकाबाई सगळ्यांत जास्त हसली.

आषाढात बोडीतून वेल आणला. वारलू, कमळा आणि इतर घरांतली माणसं कमरेइतक्या पाण्यात रांगेत उभी राहून जुड्या दाबू लागली. देवकाबाईचे गुडघे आता खोल पाण्यात टिकत नव्हते. ती काठाच्या उथळ पाण्यात बसून जुड्या बांधत होती.

तिथेच तिला ती दिसली. पाण्याखाली, चिखलावर, दाट, बोटाच्या पेराएवढी रोपं. पान अरुंद, फितीसारखं, गवताचं असावं तसं. धानाचं असावं तसं. तिनं एक उपटलं. मूळ पांढरं होतं. देठाला फुगा नव्हता, आणि फुगा नसताना हे काय आहे ते सांगणं तिला शक्य नव्हतं. या झाडाचं बी तिनं कधी पाहिलं नव्हतं. ते बीपासून कसं उगवतं, बाळपणी कसं दिसतं, हे तिला माहीत असण्याचं कारणच नव्हतं. तिनं ते नेहमी आईच्या बाजूला, दांडीच्या टोकावर, फुग्यासकट जन्मलेलं पाहिलं होतं.

तिनं डावीकडे पाहिलं. उजवीकडे पाहिलं. रोपं काठाकाठानं दूरपर्यंत होती. जिथे चिखल सुकून तडकला होता आणि मग त्यावर पाणी आलं, तिथे सगळीकडे.

"माय, जुड्या दे ना!" वारलूनं आतून हाक मारली.

तिनं जुडी फेकली. मग ते रोप हातात धरून म्हणाली, "वारलू, इकडं ये जरा."

तो पाणी कापत आला. तिनं रोप त्याच्या तळहातावर ठेवलं. त्यानं ते उलटसुलट केलं, नखानं देठ दाबला.

"गवत हाय," तो म्हणाला.

"असन."

"तुले काय वाटते?"

फाल्गुनात सगळ्यांसमोर, माहीत हाय, असं म्हणताना तिला एक क्षणही लागला नव्हता.

"मले माहीत नाई," ती म्हणाली. "तिसरं पान येऊ दे. तवा देठ फुगते का, ते पाहा लागन. आता उपटत बसली तं उपटता येईन इतकं नाई ते. तळंभर हाय."

वारलूनं काठाकडे पाहिलं, मग आत, जिथे कमळा पुढची जुडी हातात घेऊन उभी होती. "मुकादम बाजाराच्या दिवशी येऊन राह्यला," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. राग असता तर तिला बरं वाटलं असतं.

"जाजो म्हणत नाई मी. थांब बी म्हणत नाई."

त्यानं रोप पाण्यात सोडलं. ते बुडालं नाही आणि तरंगलंही नाही, पाण्याच्या मध्ये कुठेतरी आडवं राहिलं. मग तो पुन्हा आत गेला, कमळाच्या शेजारी रांगेत उभा राहिला आणि अंगठ्यानं जुडी दाबली.

दुपारपर्यंत तळ्याचा अर्धा भाग लावून झाला होता. बाजाराला तीन दिवस होते. काठावरच्या रोपांना अजून दोनच पानं होती.