प्रशस्तिपत्रातली शेवटची ओळ

सुनेने दोन्ही पदकं फडक्याने पुसली आणि सासऱ्यांच्या कोटावर टाचली. पिन त्यांना टोचू नये म्हणून आतून स्वतःचं बोट धरलं.

"आज खास पाहुणी आहे हं, बाबा. बिनतारीची बहीण."

म्हाताऱ्या सैनिकाने झटकन मान वर केली. बिनतारी म्हणजे तुकडीतला वायरलेसवाला. पंचेचाळीस वर्षांपूर्वी डोंगरावरच्या ठाण्यात राहिलेला.

"नाही," तो म्हणाला.

पक्षाघातानंतर लिहिणंही गेलं होतं आणि तोंडात हा एकच शब्द उरला होता. तहान लागली तरी नाही, जेवण आवडलं तरी नाही. होकार द्यायला जावं तर मानही आडवीच हले. घरचे आपले अंदाजाने भागवून घेत.

पाहुणी साठीची होती. शिवणकामाने बोटं खरबरीत झालेली. ती खुर्चीच्या कडेवर टेकली. मुलाने भिंतीवरचं प्रशस्तिपत्र काढलं आणि नेहमीच्या उत्साहाने वाचू लागला. तोफगोळ्यांच्या माऱ्यात बाबांनी दोन जखमींना पाठीवरून खाली आणलं होतं, दोन खेपांत. त्याचं एक पदक, दुसरं त्यांच्या स्वतःच्या जखमेचं.

"तिसरा जवान जागीच मरण पावला होता," त्याने शेवटची ओळ वाचली.

ती ओळ म्हाताऱ्यानेच सांगितलेली. छावणीतल्या कारकुनाने विचारलं, "आणि तिसरा?" तेव्हा तो म्हणाला होता, "आधीच गेला." खरं तर बिनतारी शुद्धीवर होता. पोट दाबून धरत म्हणाला होता, "मला शेवटी न्या, पण न्या." दुसऱ्या खेपेनंतर मात्र सैनिकाचे पाय वर वळलेच नाहीत. तो दगडाआड बसून राहिला. वरून हाका येत होत्या. मग थांबल्या. आज सांगू, उद्या सांगू म्हणता म्हणता वाचाच गेली.

"नाही!" तो ओरडला.

मुलगा हसला. "कौतुक केलं की असंच करतात. पहिल्यापासून संकोची."

पाहुणी हसली नाही. चष्मा काढून पुढे झुकली.

"दादा, एकच विचारते. आईने जाईपर्यंत हाच ध्यास घेतला होता. तुम्ही निघालात तेव्हा तो जिवंत होता का हो?"

म्हाताऱ्याने ओठ घट्ट मिटले. गळ्याच्या शिरा फुगल्या, कपाळावर घाम आला. जीभ टाळूला चिकटली, सुटली, पुन्हा चिकटली. सगळे त्याच्या तोंडाकडे बघत होते.

"नाही," तो म्हणाला.

तिचे खांदे एकदम सैल पडले. पदराआड तोंड लपवून ती बराच वेळ रडली.

"म्हणजे कुणाची वाट बघत पडला नव्हता," ती म्हणाली. "फार उपकार झाले, दादा."

ती उठली, तशी म्हाताऱ्याने डाव्या हाताने तिच्या पिशवीचा बंद पकडला. त्या हातात अजून जोर होता.

"बाबा, सोडा. त्यांची बस चुकेल."

"असू दे हो. माया असते," ती म्हणाली आणि ती मूठ क्षणभर आपल्या दोन्ही हातांत धरली.

मग मुलाने खाली वाकून एकेक बोट सोडवलं.