दर्याबाबाची परात

१९७३ च्या उन्हाळ्यात साक्षात समुद्र सोलापूरला आला आणि विजापूर वेशीजवळच्या मांडवात त्याने भक्तांना दर्शन दिलं. ही गोष्ट शहरातल्या निदान हजार माणसांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली आहे. समुद्र पितळेचा होता. रुंदी दोन हात, खोली चार बोटं, आणि काठावर ‘कै. मल्लव्वा यांचे स्मरणार्थ’ असं कोरलेलं होतं.

त्या वर्षी नळाला पाणी एक दिवसाआड यायचं, तेही आलं तर. अशा गावात कुणी भरलेली परात नुसती उघड्यावर ठेवली असती तरी बघायला गर्दी जमली असती. दर्याबाबाने तर तीत जहाज सोडलं होतं. बोटभर लांबीचं, पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाचं, काळा रंग दिलेलं. त्याला शीड नाही, दोरा नाही, वर बाबाचे दोन्ही हात जोडलेले. तरी प्रश्न विचारला की जहाज आपलं आपण निघायचं आणि वळायचं. उजवीकडे वळलं तर माणूस निर्दोष, डावीकडे वळलं तर दोषी.

“दर्याच्या कोर्टावर अपील न्हाय!” बाबा ओरडायचा. “चला, फुल ष्पीड! डबल बेल!”

बाबाने समुद्र कधी पाहिलेला नाही, हे दानम्माला पहिल्याच दिवशी त्याच्या बोलण्यावरून कळलं. जहाजाला तो ‘गाडी’ म्हणायचा. मुंबईजवळ एका बोटीचा ब्रेक फेल झाला होता, तो आपण सोलापुरात बसून लावला, असंही त्याने सांगितलं. पूर्वी तो मालट्रकवर क्लीनर होता अशी बोलवा होती. भक्त म्हणत, तीही साधनाच.

दानम्मा मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवायची. मांडवात ती आली होती आईच्या हट्टापायी आणि धाकट्या भावासाठी. भाऊ चनबसप्पा नौदलात कमांडर. ज्या घरात आजवर विहिरीपेक्षा मोठं पाणी कुणी पाहिलं नव्हतं, त्या घरातला हा मुलगा एका लढाऊ जहाजाचा कप्तान झाला होता. गेल्या हिवाळ्यात ते जहाज रात्रीच्या वेळी कोकण किनाऱ्याजवळ खडकावर चढलं. इंजिनखोलीत पाणी शिरलं आणि एक खलाशी गेला. आता मुंबईत चनबसप्पावर नौदलाचं कोर्ट बसायचं होतं. तोवर तो घरी येऊन आढ्याकडे बघत पडला होता, आणि आई सावित्रम्मांनी जेवण जवळजवळ टाकलंच होतं.

“कप्तान,” बाबाने डोळे मिटून विचारलं, “तो खडक आदी तितं हुता का?”

उत्तराची वाट न बघता बाबाच ओरडला.

“नव्हता! रातोरात वर आला! रस्त्यातच डोंगर उगवला तर डायवर काय करनार? सोड रे दर्या, सोड लेकराला!”

जहाज निघालं, डुलत डुलत उजवीकडे वळलं. मांडवात जयजयकार झाला. सावित्रम्मांनी पदर तोंडाला लावला.

दानम्मा परातीकडे पाहत होती. दर प्रश्नाला बाबा जुनं पाणी काढून टाकायला लावायचा आणि भक्ताने घरून आणलेली नवी घागर ओतायला लावायचा. दर्याला म्हणे उष्टं पाणी चालत नाही. पाण्याला कुणी बोट लावायचं नाही, ही दुसरी अट. काढलेलं पाणी तीर्थ म्हणून वाटलं जायचं, आणि त्या तीर्थाला कापराचा वास होता. सातवीच्या मुलींना दरवर्षी पोस्टकार्डाची होडी करून ती हेच दाखवायची. ती उठून बोलणार, इतक्यात सावित्रम्मा तिच्या कानाशी म्हणाल्या, “दानी, घरी जाऊन दोन भाकरी टाक गं. भूक लागलीय मला.”

दानम्मा उठली, ती थेट घरी भाकरी टाकायला गेली. त्या रात्री आई जेवली. चनबसप्पा तर घोरत झोपला. आपल्या विज्ञानाला एवढं जमलं नसतं, हे तिने मनातल्या मनात कबूल केलं.

पण हे प्रकरण भाकरीवर थांबलं नाही.

“अक्का, नायरला तार करतोय,” चनबसप्पा एके दिवशी म्हणाला. नायर त्याचा नौदलातला मित्र, कोर्टात त्याची बाजू मांडणार होता. “येऊ नकोस म्हणून कळवतो.”

“का?”

“बाबा म्हणाले, दर्याने सोडल्यावर माणसांपुढे तोंड उघडायचं नाही. वकील नाही, साक्ष नाही. नुसतं उभं राहायचं.”

“तम्मा, तू कॉलेजात फिजिक्सला पहिला आला होतास ना रे?”

“मग?”

“काही नाही. खात्री करून घेतली.”

“तुला काय जातंय, अक्का?” तो एकदम चिडला. “एका कोर्टाने तरी सोडलंय मला!”

नौदलाचा नियम दानम्मालाही एव्हाना पाठ झाला होता. जहाज आदळलं की जबाबदार कप्तान. मग तो त्या वेळी पहाऱ्यावर असो, जेवत असो की झोपेत असो. त्यातून सुटका नाही. पण काय झालं, कसं झालं हे नीट सांगणाऱ्याला निदान अंगावर गणवेश तरी ठेवता येतो. जो नुसता उभा राहतो, त्याचा तोही काढून घेतात.

मुंबईला निघायच्या आदल्या दिवशी सावित्रम्मांना बाबाला शाल द्यायची होती. तिघं पुन्हा मांडवात गेले. पुढे एक बाई बसली होती. कपाळ मोकळं, अंगावर घोंगडीचा तुकडा, मांडीशी पाण्याची घागर. नातेपुत्याहून आली होती.

“माजं नाव केराबाई,” ती म्हणाली. “माजा येडू बोटीवर हुता. इंजनात. बोट धोंड्यावर घातली आन् माजं लेकरू पान्यात कोंडून मेलं. कुनाची चूक हुती, येवडं इचारा. दुसरं काय बी नगं.”

चनबसप्पाचा हात दानम्माच्या मनगटावर आवळला. बोटीवर येडू नावाचा एकच खलाशी होता.

बाबाने गिऱ्हाईक पाहिलं. या बाईला काय ऐकायचंय हे ओळखायला समुद्राची गरज नव्हती. त्याने झोळीत हात घातला, जहाज काढलं, घागर ओतायला लावली. “दर्या, सांग! ह्या माउलीचं लेकरू कुनी खाल्लं?”

जहाज निघालं आणि झपकन डावीकडे वळलं.

“कप्तान दोषी! पक्का दोषी! दारू पिऊन ष्टेअरिंगवर झोपला हुता!”

“अहो, काय बोलता?” सावित्रम्मा उभ्या राहिल्या. “त्याच जहाजाचा कप्तान हा! माझा मुलगा! परवा तुम्हीच सोडलंत की त्याला!”

सगळा मांडव बाबाकडे वळला. बाबाचा चेहरा मात्र तसूभर हलला नाही.

“परवा भरती हुती, आई,” तो शांतपणे म्हणाला. “आज ओहोटी हाय.”

आणि लोकांनी माना डोलावल्या! कुणीतरी तर पाठीमागून म्हणालं, “बराबर हाय. दर्याचं तसंच असतं.”

तेव्हा मात्र दानम्मा पुढे झाली. केसांना आज सकाळीच तेल लावलं होतं. तिने डोक्यावरून बोट फिरवलं आणि परातीत बुडवलं. जहाज जागच्या जागी मेलं.

“बाटवलं! बाईनं पानी बाटवलं!” बाबा किंचाळला.

“बाटवलं नाही, तेल लावलं,” दानम्माने जहाज उलटं करून वर धरलं. “बघा. मागे खाच आहे, तिच्यात कापराचा खडा. कापूर पाण्यावर पसरतो, मागच्या पाण्याची ओढ कमी होते, पुढचं पाणी होडीला ओढून घेतं. खडा एका बाजूला बसवला की होडी ठरलेल्या बाजूला वळते. याच्या झोळीत दुसरं जहाज असेल, त्याचा खडा दुसऱ्या बाजूला. वापरलेल्या पाण्यात कापूर आधीच पसरलेला असतो, म्हणून याला दर वेळी तुमची घागर लागते.”

शेजारच्या माणसाची घागर तिने मागून घेतली, परात पुसून भरली, पिशवीतल्या पोस्टकार्डाचा तुकडा फाडला आणि आरतीच्या ताटातला कापूर त्याला चिकटवला. तुकडा निघाला, उजवीकडे वळला. तिने खडा दुसरीकडे लावला. तुकडा डावीकडे वळला. तोवर कुणीतरी झोळी उपडी केली होती. दुसरं जहाज बाहेर पडलं.

लोकांनी दोन्ही जहाजं उलटीपालटी करून पाहिली. मग पुढच्या रांगेतला एक म्हातारा हात जोडून म्हणाला, “म्हंजी कापरात देव हाय की!”

“तेच तर मी सांगतोय!” बाबा म्हणाला.

ज्याची घागर गेली होती तो दानम्माशी पाण्यावरून भांडायला लागला. दुसऱ्या बाजूला लोक पुन्हा रांग लावत होते.

केराबाई तेवढी हलली नव्हती. ती चनबसप्पासमोर येऊन बसली. “सायेब, ही होडी न्हाय सांगत तर ऱ्हाऊ द्या. तुमी हुता की तितं. तुमीच सांगा.”

चनबसप्पाने आईकडे पाहिलं, बहिणीकडे पाहिलं. दोघींनीही त्याला मदत केली नाही.

“खडक नकाशात आहे,” तो म्हणाला. “पहिल्यापासून. मी दोन रात्री जागा होतो, म्हणून झोपायला गेलो. पहाऱ्यावर एक नवीन पोरगा होता. किनारा किती जवळ आला की मला उठवायचं, हे त्याला सांगून ठेवणं माझं काम होतं. मी सांगितलं नाही. चूक माझी.”

केराबाईने ऐकून घेतलं. ती रडली नाही.

“येवडंच हुतं तर आदी यिऊन सांगायचं की,” ती म्हणाली. “मी घागर कशाला वतली असती?”

तिने रिकामी घागर काखेला मारली आणि ती एसटी स्टँडकडे चालू लागली.

ज्यांना अजूनही परातीला काही विचारायचं असेल त्यांनी एवढंच करून पाहावं: घरातून निघण्याआधी ते उत्तर कुणा माणसाला ठाऊक आहे का, याचा विचार करावा. बहुतेक वेळा असतं. ते ऐकायची तयारी नसते म्हणूनच आपण पाणी घेऊन निघतो.

नायरला तार गेली नाही. चनबसप्पाने कोर्टातही तेच सांगितलं, शब्दही न बदलता. त्याचा गणवेश राहिला. ज्येष्ठता कापली गेली, आणि पुन्हा जहाज मिळालं नाही. नोकरीची उरलेली वर्षं त्याने एका गोदामात ब्लँकेटांच्या पावत्यांवर सह्या केल्या. बाबा आठवड्याच्या आत करकंबला गेला. तिथे परात मोठी मिळाली. सावित्रम्मा शेवटपर्यंत म्हणत राहिल्या की दानीने तेलाचं बोट घातलं नसतं तर पोरगा सुटला असता.

नौदलाच्या कोर्टात आरोपी अधिकाऱ्याची स्वतःची तलवार टेबलावर आडवी ठेवलेली असते; निकालानंतर टोक त्याच्याकडे असलं तर तो दोषी, मूठ असली तर निर्दोष. निकाल ऐकायला चनबसप्पाला आत बोलावलं, तेव्हा तिचं टोक त्याच्याकडे वळलेलं होतं. ते एका माणसाने हाताने वळवून ठेवलं होतं.