‘मान्य’चं बटण

माझ्या दुकानात शिलाई मशीन मिळतात, त्यांचे सुटे भागही मिळतात. कंपनीचा बोर्ड दारावर लागला तेव्हा माझी भाची रांगत होती. आता ती त्याच कंपनीच्या कॉम्प्युटरचं काम बघते. तिला सगळे मॅडम म्हणतात, मी चिंगी म्हणते, चारचौघांतसुद्धा.

पूर्वी वर्षातून एकदा कंपनीचा जाडजूड कॅटलॉग यायचा. त्यात काही चुकलेलं असलं की आम्ही डीलर फोन करून भांडायचो. मग चिंगीच्या लोकांनी नवी व्यवस्था बांधली. ती कशी चालते ते तिने माझ्याच काउंटरवर बॉबिनच्या डब्या मांडून दाखवलं.

“ह्या डबीत किमती. ह्या डबीत फोटो. ह्या डबीत कुठला भाग कुठल्या मशीनला बसतो ते. प्रत्येक डबी स्वतंत्र. एकीत काही बदललं की ती हाक मारते, बाकीच्या ऐकतात, आणि सगळ्या डीलरांच्या पडद्यावर लगेच तसं दिसतं.”

“आणि डीलरने हाक मारली तर?”

तिने बाजूला ठेवलेली एक डबी माझ्याकडे सरकवली. “ही बघ, तुमची. तुमच्या कपाटात काय आहे, आमचं काय चुकलंय, सगळं हिच्यातून वर जाईल. बांधून तयार आहे, पण साहेब म्हणाले, सध्या बंद ठेवा.”

“सध्या म्हणजे कधीपर्यंत?”

“मावशी, चहा टाक ना.”

मी समजले.

रोज सकाळी पडद्यावर काय काय बदललं ते येतं आणि खाली ‘मान्य’ असं हिरवं बटण असतं. ते दाबल्याशिवाय दिवसाचं पहिलं बिल निघत नाही. बाकीचे डीलर कुलूप काढता काढता ते दाबून मोकळे होतात. मी अक्षरं फार उशिरा शिकले, त्यामुळे समोर आलेलं शेवटपर्यंत वाचल्याशिवाय मला चैन पडत नाही.

एका सकाळी त्यात होतं: लांब हाताचं मशीन आणि त्याचे सर्व भाग बंद. डीलरकडचा साठा भंगारासाठी परत पाठवावा.

मी बटणावरचं बोट मागे घेतलं. तेवढ्यात तंबूवाली आली. ही बाई तंबू आणि ताडपत्र्या शिवते, तेही लांब हाताच्या मशीनवर, कारण एवढं जाड कापड दुसऱ्या मशीनखाली जातच नाही. तिने रुमालाची गाठ सोडली. आत मोडलेलं शटल होतं, ज्यात बॉबिन बसते तो भाग.

“मावशी, ऐन कामात दगा दिला मेल्याने. आहे का?”

माझ्या उजव्या हाताच्या ड्रॉवरमध्ये नवी कोरी शटल पडली होती. पडद्यावर मात्र त्यांचं नावनिशाण नव्हतं. किंमत नाही, फोटो नाही. जणू असलं काही कधी बनलंच नव्हतं.

“आहे की,” मी म्हटलं आणि शटल तिच्या हातात ठेवलं. “बिल नंतर. आधी तंबू उभा राहू दे.”

त्या दिवशी मी बटण दाबलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. बिलं निघेनात, नवी मशीन विकता येईनात. दुकानात पडदा नुसता उजळून बसलेला आणि मी त्याच्यासमोर, दोघंही हट्टाला पेटलेले. चिंगीचा फोन आला.

“मावशी, दाब ना गं. दाबलं नाहीस तर महिनाअखेर तुझी डीलरशिप आपोआप जाते.”

“आपोआप कशी जाते? कुणीतरी तसं लिहून ठेवलंय ना?”

ती म्हणाली, “मीच लिहिलंय.”

“छान लिहिलंस. आता ह्यांना भंगार का हवंय ते सांग.”

“जुन्या मशीनला भाग मिळाले नाहीत की लोक नवं घेतील. अजून काय?”

महिनाअखेरीआधी डीलरांची बैठक झाली. लांबलचक हॉल, भिंतीवर मोठा पडदा. विभागाचे साहेब बोलायला गोड माणूस. “पूर्वी प्रत्येक दुकानात वेगळी माहिती असायची,” ते म्हणाले. “चुकीचे भाग विकले जायचे, गिऱ्हाईक आमच्या नावाने बोटं मोडायचं. आता सगळीकडे एकच माहिती.”

त्यात खोटं काही नव्हतं. चुकीचे भाग मीही विकले आहेत. म्हणून मी त्यांचं पूर्ण होऊ दिलं, मग उठले.

“साहेब, लांब हाताच्या मशीनचे भाग माझ्या दुकानात आहेत. पडद्यावर का नाहीत?”

“मावशी, जे पडद्यावर नाही ते कंपनीच्या दृष्टीने नाहीच.”

मी पिशवीतून शटल काढून त्यांच्यापुढे ठेवलं. “मग हे काय आहे? हात लावून बघा, चावत नाही.”

हॉलमध्ये हशा पिकला. मागून एकजण ओरडला, “माझ्याकडे त्याचे पट्टे आहेत, पेटीभर!” दुसरा म्हणाला, “माझ्याकडे कापड दाबायचे फूट!” साहेबांनी हात वर केला. “तुमच्या भावना समजतात. पण आमच्या व्यवस्थेत डीलरकडून माहिती घ्यायची सोयच नाही, त्याला आम्ही काय करणार?”

चिंगी भिंतीला टेकून उभी होती. ती सरळ झाली.

“सोय आहे, सर. मी बांधलीय. बंद ठेवायला तुम्ही सांगितलंत.”

“मॅडम, बसा.”

“खुर्ची नाहीये, सर.”

मी तिच्याकडे बघितलं. कान लालबुंद, हनुवटी वर. लहानपणी मार खायच्या आधी ती अशीच दिसायची.

सोय उघडली नाहीच. चिंगीला त्या कामावरून काढून भलत्याच विभागात बसवलं. “तिथे खिडकी तरी आहे,” ती म्हणाली, पण त्या रात्री जेवली नाही. बहुतेक डीलरांनी माना खाली घालून भाग परत पाठवले. त्यांना पोरंबाळं आहेत, मी कुणाला नावं ठेवत नाही. काहींनी मात्र पेट्या कंपनीकडे न पाठवता गुपचूप माझ्याकडे पाठवल्या. पट्टे आले, फूट आले, एका पेटीत अख्खा लांब हातच आला.

महिना संपला. पडदा आपोआप काळा झाला. त्याच सकाळी मी रंगाऱ्याला बोलावलं, दारावरचा बोर्ड उतरवून उलटा केला आणि मागच्या कोऱ्या पत्र्यावर लिहून घेतलं: बंद झालेल्या मशीनचे भाग येथे मिळतील.

साहेब बोर्ड न्यायला स्वतः आले. रस्त्यातच थांबून त्यांनी वर वाचलं. आत तंबूवाली सुया निवडत होती, तिच्यामागे आणखी दोघं उभे होते.

“मावशी, बोर्ड कंपनीचा आहे.”

“तुमची बाजू आत आहे, भिंतीकडे. जशीच्या तशी,” मी म्हटलं. “न्यायची असेल तर शिडी मागच्या खोलीत आहे. पण माझी बाजू इथेच ठेवून जा.”

त्यांनी बोर्डाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“आणि दारातून जरा बाजूला व्हा, साहेब,” तंबूवाली म्हणाली. “गिऱ्हाइकांना आत येता येत नाही.”