आत उघडणारं दार

तुमच्या बांधकाम खात्याने माझ्या बहिणीला मारायची पूर्ण तयारी केली होती. तसा हेतू नव्हता, म्हणाल. हेतू विचारतोय कोण? नियम तुमचा, सही तुमची.

मी सुतार. शाळा सातवीत सुटली, तेव्हा भाषा खरबरीत लागली तर पॉलिश तुमचं तुम्ही मारा.

सरकारी दवाखान्यातल्या पेशंटांच्या संडासाची दारं गेल्या वर्षी मी बसवली. तुमच्या नकाशात लिहिलं होतं, दार आत उघडावं, म्हणजे बोळातून जाणाऱ्याला लागणार नाही. बोळ नऊ फूट रुंद! मी तुमच्या साहेबांना विचारलं, "आत कुणी चक्कर येऊन दारापाशीच पडलं तर?" साहेब म्हणाले, "तू दारं बघ. माणसं आम्ही बघतो."

मग मी माझी अक्कल चालवली. दार बिजागऱ्यांवर न टांगता वर-खाली खुंट्यांवर बसवलं, म्हणजे ते दोन्हीकडे फिरू शकतं. ते बाहेरच्या बाजूला उघडू नये म्हणून चौकटीला एक उभी पट्टी ठोकायची असते. ती मी खिळ्यांनी न ठोकता चार स्क्रूंवर धरली. पट्टी काढली की दार बाहेर उघडतं. तपासणीत दिसू नये म्हणून स्क्रूंची डोकी पुट्टीने बुजवली, वर रंग मारला. एवढी सफाई मी जन्मात दाखवली नव्हती, आणि तीच अंगाशी आली.

गेल्या मंगळवारी ताईला घेऊन त्याच दवाखान्यात गेलो. तिला मधुमेह आहे. रक्त उपाशीपोटी द्यायचं आणि रांग दीड तासाची. धाकटा भाऊ सोबत होता. तो जहाजावर काम करतो, सुट्टीवर आला की जगाचं ज्ञान वाटत फिरतो.

"एका बंदरात रांगच नसते," तो सांगत होता. "आल्यावर विचारायचं, शेवटचा कोण? तो हात वर करतो. मग खुशाल सावलीत जाऊन बसा."

"आणि मधेच कुणी घुसलं तर?" ताई म्हणाली.

"घुसत नाहीत."

"मग तो देश खोटा आहे."

"अगं, दुसऱ्या एका शहरात रस्ता ओलांडायला खांबावर बटण असतं. दाबलं तरी काही होत नाही. वायरच जोडलेली नाही! तरी सगळे दाबतात."

"दाबणारच. कुणी ऐकतंय असं वाटतं ना," ताई म्हणाली आणि उठली. "बोटवाल्या, माझा नंबर सांभाळ. आलेच."

दहा मिनिटं झाली तरी ती आली नाही. हाका मारल्या, उत्तर नाही. नर्सबाईंनी बाहेरून किल्लीने संडासाचं कुलूप उघडलं. दार चार बोटं आत सरकलं आणि अडलं. फटीतून ताईची चप्पल दिसली, पाय दिसला. ती दाराला टेकूनच पडली होती.

"ढकला!" कुणीतरी ओरडलं.

"ढकलू नका, मान आहे तिथे!" नर्सबाई किंचाळल्या.

पेचकस माझ्या खिशात कायम असतो. पण स्क्रू कुठे? मी सवयीने वरून एक वीत मोजली, टोक घातलं. लाकूड. बोटभर खाली. लाकूड. माझ्याच हाताने लपवलेले स्क्रू मलाच सापडेनात. मागे धाकटा रडकुंडीला. "दादा, लवकर. दादा, तिचा पाय हलत नाहीये."

मग डोक्यात उजेड पडला. संडासाच्या चौकटी मी खालून मोजतो, कारण खालचा भाग पाण्याने कुजतो आणि तेवढाच तुकडा बदलावा लागतो. खाली बसलो, जमिनीपासून वीत मोजली. पुट्टी फुटली. एक, दोन, तीन. चौथ्याची वाट न बघता पट्टी उपटली, दार हळूच बाहेर ओढलं. ताई नर्सबाईंच्या मांडीवर कलंडली.

साखर उतरली होती. कपाळाला तीन टाके पडले. डॉक्टर म्हणाले, अजून थोडा उशीर झाला असता तर अवघड होतं. ग्लुकोज अर्धं संपलं तेव्हा ताईने डोळे उघडले, आम्हा दोघांची थोबाडं बघितली.

"रडता काय मेल्यांनो? माझा नंबर गेला का?"

त्या क्षणी मी भिंतीला पाठ लावून खाली बसलो आणि हसत सुटलो. धाकटाही हसला. छातीवरचा धोंडा उतरला की माणूस असाच वेड्यासारखा हसतो. ताई आता घरी आहे, आम्हा सगळ्यांवर डाफरते आहे, आणि तिचं डाफरणं ऐकून मला गाढ झोप लागते.

काल तुमची नोटीस आली. "नकाशाविरुद्ध काम केल्याचे आढळले. पट्टी आठ दिवसांत खिळ्यांनी पक्की करावी."

करणार नाही. तुमच्या सुतारांच्या यादीतून माझं नाव काढा, खुशाल काढा. पण त्याच नकाशावरून इतर दवाखान्यांत दुसऱ्या सुतारांनी खिळे ठोकून दारं बसवली आहेत. ती किती आहेत? त्यांच्याआड कुणी पडलं, तर बाहेरून दार उघडणार कोण? साहेबांचं नाव घालून, लेखी सांगा.