भिंगातली पाच मिनिटं

मी राहायला गेले त्या दिवशी आत्याच्या बाहेरच्या खोलीत एकतीस घड्याळं होती. भिंतीवर चौदा, टेबलावर नऊ आणि पोट उघडून बशांमध्ये पडलेली आठ. त्यांपैकी बारा चालू होती. बारांतली दोनच एकमेकांशी जुळत होती आणि ती दोन्ही वीस मिनिटं मागे होती. स्वयंपाकघरात एकही घड्याळ नव्हतं.

याला कारण काका, म्हणजे आत्याचे यजमान. ते घड्याळजी आहेत. वाफ आत शिरली की यंत्राचं वाटोळं होतं, असं त्यांचं ठाम मत आहे. आत्याने आजवर स्वयंपाकघरात लावलेली तीन घड्याळं त्यांनी दुसऱ्याच दिवशी उतरवली, पुसली आणि बाहेर नेऊन ठेवली. तिसऱ्यांदा आत्याने खिळाही उपटून त्यांच्या हातात दिला होता म्हणे.

तरी आत्याचं सगळं काम वेळेवर चालायचं, निदान तिचा तसा समज होता. एकोणीस वर्षं ती एका साप्ताहिकात पाककृतींचं सदर लिहीत होती. सदराचं नाव ‘पंधरा मिनिटांत’. दर बुधवारी सकाळी चांगल्या चपला घालून, केस नीट विंचरून ती मजकूर स्वतः कचेरीत नेऊन द्यायची. पाठवता आला असता, पण बुधवारी बाहेर पडायचं नसेल तर आठवड्याला मधोमध काही आधारच उरत नाही, असं ती म्हणायची.

मी रसायनशास्त्राची पदवी घेऊन एका प्रयोगशाळेच्या पत्राची वाट बघत होते. पत्र यायला दोन महिने लागणार होते. तोवर काहीतरी मोजायला हवं म्हणून बॅगेत एक इलेक्ट्रॉनिक वजनकाटा आणि स्टॉपवॉच होतं. दुसऱ्याच दिवशी मी सदरातलं कांद्याचं सूप करायला घेतलं. चार कांदे, सोलून चारशे ऐंशी ग्रॅम. कांदा बदामी होईपर्यंत परतायचा, मग उकळतं पाणी, मीठ, मिरपूड. पहिल्या कापापासून वाडग्यात चमचा ठेवेपर्यंत सदतीस मिनिटं वीस सेकंद लागले.

मी हा आकडा आत्याला सांगितला. तिने सूप चाखलं, मीठ बरोबर आहे म्हणाली आणि माझं घड्याळ पुढे असेल असं सांगून मटार सोलायला बसली. मी पुन्हा केलं. सदतीस मिनिटं पाच सेकंद. तेव्हा ती म्हणाली की माझा हात जड आहे आणि प्रयोगशाळेत हात लवकर जड होतात.

यावर मी जे केलं त्याचं समर्थन करत नाही. मी साप्ताहिकाला एक पत्र लिहिलं. ‘आपल्या सदरातलं सूप पंधरा मिनिटांत होत नाही. त्याला सदतीस मिनिटं वीस सेकंद लागतात. खुलासा व्हावा.’ खाली सही : एक उपाशी वाचक. मला वाटलं होतं, पत्र आत्याकडे येईल, तिला थोडा ठसका लागेल आणि विषय संपेल. पण पत्र चौकटीत छापून आलं.

संपादकांना ते हवंच होतं. ते तरुण होते आणि सहा महिने एका एअर फ्रायरवाल्याच्या प्रेमात होते. हा मुलगा तेलाचा थेंब न घालता काहीही तळून दाखवायचा, त्याचे व्हिडिओ लोक आवडीने बघायचे आणि त्याला सदर द्यायचं तर जागा एकच होती. संपादकांनी आत्याला फोन करून फार गोड शब्दांत सांगितलं की वाचकांच्या मनात शंका नको, शनिवारी अकरा वाजता कचेरीतल्या कॅन्टीनमध्ये सगळ्यांसमोर सूप होऊन जाऊ द्या. पंधरा मिनिटांत झालं तर प्रश्नच मिटला. नाही झालं तर पुढच्या बुधवारपासून आत्याला त्रास द्यायचा नाही, असं त्यांच्या मनात आहे.

आत्याने फोन ठेवला आणि आपल्या चांगल्या चपलांकडे बघितलं. त्या दाराशी, भिंतीला लावून ठेवलेल्या होत्या.

शनिवारला पाच दिवस होते. पहिला दिवस मी नुसतं निरीक्षण केलं. आत्याचा हात माझ्यापेक्षा किती तरी चलाख होता, चार कांदे तिने दोन मिनिटं पन्नास सेकंदांत चिरले. तरीही सूप व्हायला सदतीसच मिनिटं लागली. आणि ती चुलीपाशी उभी असताना, मी आजवर हजार वेळा ऐकलेली एक गोष्ट मला पहिल्यांदाच ऐकू आली.

ती बाहेर बघून म्हणाली, “अहो, किती झाली?”

“पाच मिनिटं झाली असतील,” काका म्हणाले.

माझ्या स्टॉपवॉचवर बारा मिनिटं चाळीस सेकंद होते. मी दारातून डोकावले. काका डोळ्याला भिंग लावून एका नखाएवढ्या चाकावर वाकले होते. त्यांनी एकाही घड्याळाकडे बघितलं नव्हतं. बघून उपयोगही नव्हता.

पुढचे दोन दिवस मी काकांना मोजलं. त्यांना कळू न देता, कधी पाणी द्यायला जाऊन, कधी उगाच. डोळ्याला भिंग असताना त्यांची ‘पाच मिनिटं’ नऊ वेळा मोजली, सरासरी बारा मिनिटं पंचवीस सेकंद. भिंग नसताना सहा वेळा मोजली, सरासरी पाच मिनिटं पाच सेकंद. म्हणजे माणूस अचूक होता, भिंगाने फक्त त्याचा वेळ अडीचपट केला होता. छोट्या वस्तूबरोबर मिनिटंही मोठी दिसत असावीत. एकोणीस वर्षं सदरातली प्रत्येक वेळ या भिंगातून आली होती. पंधराला अडीचने गुणलं की साडेसदतीस.

मी वही आत्यासमोर ठेवली. तिने आकड्यांवरून बोट फिरवत दोनदा वाचलं. एकोणीस वर्षांत एकाही वाचकाने तक्रार कशी केली नाही, असं मी विचारलं.

“करतील कशाला?” ती म्हणाली. “त्यांच्याही घरी बाहेरच्या खोलीत कोणीतरी बसलेलंच असतं.”

यातलं काकांना एक अक्षर कळता कामा नये, असं तिने बजावलं. घड्याळजीला वेळ कळत नाही हे त्या माणसाच्या कानावर गेलं तर तो चार दिवस जेवायचा नाही. मग ती उठली, कांद्यांची टोपली माझ्यापुढे सरकवली आणि सुरी माझ्या हातात दिली.

“उपाशी वाचकांनी कांदे सोलायला घ्यावेत,” ती म्हणाली.

मी पहिला कांदा सोलायला घेतला. कधी ओळखलं, असं मी विचारलं. पहिल्याच दिवशी, असं ती म्हणाली. उपाशी माणूस तक्रार करताना सेकंद लिहीत नाही.

उरलेले दोन दिवस आम्ही दोघी वेळेच्या मागे लागलो. रंग येणं ही रासायनिक क्रिया आहे आणि ती खाण्याच्या सोड्याने लवकर होते, हे माझ्याकडचं ज्ञान. अर्धा ग्रॅम सोड्याने वेळ चोवीस मिनिटांवर आली. हावरटपणाने मी दोन ग्रॅम घातला तेव्हा रंग सात मिनिटांत आला, पण आत्याने एक चमचा तोंडात घालून सांगितलं की आता याच्यात शर्टाची मळकी कॉलर भिजत घालावी. अर्धा ग्रॅमच ठरला. पाण्याचं काम विजेच्या किटलीकडे दिलं. सुरुवातीला दोन चमचे पाणी घालून तीन मिनिटं झाकण ठेवायचं, म्हणजे कांदा आधी मऊ पडतो, आणि तळाला डाग धरू लागला की चमचाभर पाण्याने तो खरवडून पुन्हा कांद्यात मिसळायचा. साडेएकोणीस.

शेवटची युक्ती आत्याची. ती बराच वेळ पातेल्यात बघत होती. मग तिने अर्धा कांदा दुसऱ्या पसरट तव्यात काढला आणि दोन्ही शेगड्या पेटवल्या.

“गर्दीत कोणाला रंग चढत नाही,” ती म्हणाली. “नुसता घाम सुटतो.”

शुक्रवारी दुपारच्या शेवटच्या फेरीत पंधरा मिनिटं दहा सेकंद लागले. ते दहा सेकंद आपण बोलण्यात घालवले, उद्या तोंड उघडणार नाही, असं आत्याने जाहीर केलं.

कॅन्टीनमध्ये त्रेचाळीस माणसं होती. एअर फ्रायरवाला पहिल्या रांगेत, मांडीवर आपलं यंत्र घेऊन. दोन शेगड्या, दोन पसरट पण खोलगट तवे, किटली, सोललेले चार कांदे आणि एका बशीत एक बदाम. पाककृतीत ‘बदामी’ म्हटलं आहे तर रंग बदामाशी ताडून बघा, असं आत्याने संपादकांना सांगितलं होतं. नियम साधे होते. पहिल्या कापाला वेळ सुरू, वाडग्यात चमचा ठेवला की बंद. वेळ फक्त वेळाधिकारी सांगेल, बाकी कोणी तोंडातून आकडा काढायचा नाही. आणि वेळाधिकारी म्हणून संपादकांनी मोठ्या कौतुकाने काकांचं नाव पुकारलं. एवढ्या घड्याळांचा माणूस गावात दुसरा कोण आहे, असं ते म्हणाले. पडताळ्यासाठी संपादकांचा स्वतःचा फोनही चालू राहणार होता, टेबलावर पालथा.

काका इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. हातात त्यांचं सगळ्यात लाडकं, चावीचं जुनं स्टॉपवॉच. डोळ्याला भिंग नव्हतं. मी हायसं वाटून घेतलं.

आत्याने पहिला काप घातला. काकांनी बटण दाबलं, मीही खिशात दाबलं.

ती खरंच बोलली नाही. कांदे चिरून झाले, दोन्हीकडे सारखे पडले, तेल, मीठ, पुडीतला अर्धा ग्रॅम सोडा, दोन चमचे पाणी, झाकणं. झाकणं काढली तेव्हा वाफ छतापर्यंत गेली आणि पहिली रांग मागे सरली. दोन हातांत दोन कालथे घेऊन ती दोन्ही तवे परतू लागली. कडा पिवळ्या पडल्या. सोनेरी झाल्या. आता सगळं एका गोष्टीवर होतं. लवकर पाणी ओतलं तर रंग बदामाला जुळणार नाही, उशिरा ओतलं तर वेळ जाईल.

नेमक्या त्याच वेळी काकांनी स्टॉपवॉच कानाला लावलं. मग हलवलं. पुन्हा कानाला लावलं. लाडकं घड्याळ बंद पडलं होतं. दुसरा कोणी असता तर त्याने हात वर केला असता. काकांनी शांतपणे खिशातून बारीक पेचकस काढला, घड्याळाचं झाकण उघडलं आणि डोळ्याला भिंग लावलं.

आकडा तोंडातून काढायची मला बंदी होती. आत्याची पाठ काकांकडे होती. तिने कालथे न थांबवता विचारलं, “अहो, किती झाली?”

“पाच मिनिटं झाली असतील,” काका म्हणाले.

कॅन्टीनमध्ये खसखस पिकली, कारण भिंतीवरचं घड्याळ सगळ्यांना दिसत होतं. आत्याला ते दिसत नव्हतं, ते तिच्या डोक्याच्या मागे होतं. एअर फ्रायरवाला आपल्या यंत्रावर बोटांनी ताल धरू लागला. संपादकांनी हसू दाबायला रुमाल काढला. बिचारीला अजून दहा मिनिटं आहेत असं वाटतंय, असं कोणीतरी मागे पुटपुटलं.

आत्याने मान वळवून एकदाच काकांकडे बघितलं. भिंग बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. मी चेहरा दगडासारखा ठेवला, तेवढं मी प्रयोगशाळेत शिकले आहे. तिचे ओठ क्षणभर हलले. पाचला अडीचने गुणताना हलतात तेवढेच.

तिने दोन्ही शेगड्या मोठ्या केल्या, एक तवा दुसऱ्यात रिकामा केला, बशीतला बदाम उचलून कांद्याशेजारी धरला, संपादकांना दाखवला. संपादकांनी बदाम बघितला, कांदा बघितला आणि नाइलाजाने मान हलवली. किटलीतलं पाणी पडलं तेव्हा तवा असा फुसफुसला की ताल थांबला. मिरपूड. एक उकळी. पूर्ण, खळखळती, घाई न करता. माझ्या तळहाताला खिशातल्या स्टॉपवॉचची कड रुतत होती. वाडगा. पळी. एक पळी, दोन, तीन.

चमचा वाडग्यात वाजला.

संपादकांनी फोन उलटा केला. मी खिशातून स्टॉपवॉच काढलं. मग नियमाप्रमाणे त्यांनी वेळाधिकाऱ्यांना अधिकृत वेळ विचारली, आणि काकांनी भिंग न काढता ती सांगितली. मी तिन्ही आकडे वहीत उतरवून घेतले.

संपादकांचा फोन : चौदा मिनिटं अठ्ठेचाळीस सेकंद.

माझं स्टॉपवॉच : चौदा मिनिटं सेहेचाळीस सेकंद.

काका, भिंगासह : सहा मिनिटं.