सिग्नेच्या बंदुकीला दुर्बीण

बंदुका दुरुस्त करणाऱ्या एम्ब्रिकने बंदूक व्हाइसच्या पकडीत धरली आणि गोळी चढवायचा बोल्ट काढून बाजूला ठेवला.

"दुर्बिणीसाठी चार भोकं पडतील," तो म्हणाला. "एकदा पाडली की पाडली. आत्ताच सांग."

"पाड."

"तोंड असं करून सांगू नकोस, तोर्ग्रिम. मी काय तुझा दात उपटतोय?"

बंदूक तोर्ग्रिमच्या बायकोची, सिग्नेची होती. लग्नाआधीपासूनची, जुन्या घडणीची. पुढे नळीच्या टोकाला लोखंडी माशी, मागे खाच, एवढ्यावर नेम धरायचा. सिग्नेला जाऊन मार्चमध्ये वर्ष झालं होतं. तोर्ग्रिमने जन्मभर कुत्रा घेऊन घोड्याएवढी मूस हरणं रानातून हुसकली आणि तिने दलदलीच्या काठच्या मचाणावर बसून ती टिपली. आता त्याचे गुडघे गेले होते. कुत्र्यामागे चालणं संपलं होतं. मचाणावर बसायचं तर उन्हाळा संपायच्या आत नेमबाजीची परीक्षा द्यायला हवी, आणि त्याच्या डोळ्यांना खाच दिसली तर माशी दिसत नव्हती. परीक्षा नाही तर मचाण नाही. शिकारी टोळीचा म्होरक्या गाउते ते मचाण आपल्या जावयाला द्यायला टपलेलाच होता.

"नवी घे ना," एम्ब्रिक म्हणाला. "हिला भिंतीवर टांग."

"तिच्या मचाणावर दुसरी बंदूक नेऊ?"

एम्ब्रिकने ड्रिल उचललं.

तोर्ग्रिम बाहेर पायरीवर जाऊन बसला. ड्रिलचा आवाज थांबायचा, पुन्हा सुरू व्हायचा. हातातली कॉफी गार झाली. आत बोलावलं तेव्हा बोल्टची मूठही वाकवलेली होती. आधीची मूठ दुर्बिणीला आपटली असती. झिजलेल्या पोलादावर ती काळी चकचकीत दुर्बीण उपरी दिसत होती.

"आता दस्ता," एम्ब्रिक म्हणाला. "हा माशीच्या नेमासाठी केलेला, खाली आहे. दुर्बीण बसली वर. गाल टेकायला वरून लाकूड चिकटवावं लागेल."

दस्त्यावर तिथलं पॉलिश पार उडालं होतं. सिग्नेचा गाल टेकायचा ती जागा.

"तिथे हात लावायचा नाही."

"मग काय, मान अधांतरी ठेवून मारणार?"

"मारीन."

"मार. डोळा सांभाळ म्हणजे झालं."

परीक्षेच्या दिवशी तोर्ग्रिमने गाल टेकला की भिंगात काळोख दिसायचा. मान उचलली की थोडं दिसायचं. म्हणून तो मान उचलून पुढे पुढे सरकला आणि पहिल्याच गोळीला बंदुकीचा धक्का बसून दुर्बिणीची कड भुवईत घुसली. रक्त डोळ्यात उतरलं. उरलेल्या गोळ्या कुठे गेल्या ते त्यालाही कळलं नाही.

मागे बाकावर बसलेले हसले. दुर्बिणीच्या कडेची अशी कोर नवशिक्याच्याच कपाळावर उमटते. गाउतेने रुमाल पुढे केला.

"या वयात शाळेत नाव घातलंस काय रे?"

"तुझ्या जावयाला सांग, पाटी घेऊन ये म्हणावं. शेजारी बसू."

गाउते हसला, मग आवाज उतरवून म्हणाला, "महिना संपेस्तोवर थांबतो. त्यापुढे मला थांबता येणार नाही."

दुसऱ्या दिवशी तोर्ग्रिमने बंदूक पुन्हा एम्ब्रिकपुढे ठेवली. एम्ब्रिकने भुवईवरच्या पट्टीकडे पाहिलं. तो हसला नाही.

"वरून काही चिकटवत नाही," तो म्हणाला. "गाल टेकतो तेवढा तुकडाच कापून काढू आणि दोन खुंट्यांवर उचलून बसवू. लाकूड तेच राहील. पण करवत लावावी लागेल."

या वेळी तोर्ग्रिम बाहेर गेला नाही. त्याने दस्ता दोन्ही हातांनी धरून ठेवला. भुसा त्याच्या बाहीवर पडत होता.

पुन्हा परीक्षा झाली. पाचही गोळ्या गोलात बसल्या. गाउतेने हात मिळवला आणि जावयाला टेकडीमागची जागा दिली.

शिकारीच्या पहिल्या सकाळी दलदलीवर धुकं होतं. लांबवर कुत्रा भुंकला. मग बर्चच्या झाडांतून एक मादी बाहेर आली, मागून तिचं वासरू. आधी वासरू मारायचं, हा तिथला नियम. तोर्ग्रिमने गोळी झाडली. वासरू दोन पावलं चाललं आणि बसलं. मादी पळाली आणि परत आली.

रेडिओ खरखरला. "बसली का गोळी?" गाउते.

"वासरू पडलं."

"मादीचाही परवाना आहे. घे तिला."

भिंगात ती अगदी जवळ होती. ती वासराला नाकाने ढोसत होती. सिग्नेने या मचाणावरून कितीतरी वासरं मारली, पण मादी दर वेळी निसटायची. कुत्र्यामागून धापा टाकत आल्यावर तो तिला चिडवायचा, एवढी मोठी गाय दिसत नाही होय तुला. ती थर्मास उघडून कॉफी ओतायची. ती दर वेळी कशी निसटते, हे त्याने तिला कधी धड विचारलंच नव्हतं.

"तोर्ग्रिम, ऐकतोयस ना? मादी?"

"निसटली," तो म्हणाला.

"बरं," गाउते म्हणाला. "उतर मग, वासरू साफ करायला घे."

तोर्ग्रिमने रेडिओ बंद केला. मादी वासराजवळ तिथेच उभी होती. ती जाईपर्यंत त्याला खाली उतरता येणार नव्हतं.