बसऱ्याच्या टेबलावरचा कप

विमान कंपनीच्या शाकिरने पुढे केलेला कॉफीचा कप अबू जुमानांनी हातात घेतला, वेलदोड्याचा वास घेतला आणि न पिता टेबलावर ठेवून दिला. मी डोळे मिटून घेतले.

आमच्याकडे या ठेवण्याला अर्थ असतो. मागणं घेऊन आलेला पाहुणा कप असा ठेवतो, तेव्हा आधी माझं काम कर, मग तुझी कॉफी, असं त्याला म्हणायचं असतं. यजमानाने मग नाही म्हणायचं नसतं. पाहुणा तसाच उठून गेला, तर त्या घराचं नाव पंचक्रोशीत निघतं. पण हे सगळं सोयरिकीच्या बैठकीत, फार तर खुनाच्या भांडणात समेट करताना. विमान कंपनीच्या ऑफिसात, खिडकीबाहेर लाल धुळीत धावपट्टी बुडालेली असताना, हे कोणी केल्याचं मी तरी ऐकलं नव्हतं.

"हाजी, असं करू नका," शाकिर खुर्चीतून अर्धा उठला. पस्तिशीचा, दोन रात्री न झोपलेला माणूस. "विमान कुठून आणू मी? धूळ काय माझ्या बापाची आहे?"

"ते तू बघ. मला असरच्या नमाजाआधी अम्मानला उतरव."

"दुसरा कोणी असता तर हसून वाटेला लावला असता. पण मी नासिरियाकडचा. माझ्या आजोबांच्या बैठकीत एकाने असाच कप ठेवला होता. आजोबांना त्यापायी घोडी द्यावी लागली."

"मग घोडीच दे," मी म्हटलं. "धुळीत विमानापेक्षा बरी चालेल."

शाकिर हसला नाही. कपाकडे बघत राहिला, जसं काही कोणी टेबलावर विंचू सोडला होता.

आम्ही अम्मानच्या पंपांच्या कंपनीतले. अबू जुमाना पंप विकतात, मी हिशेब बघतो. करारात हमीची कलमं असली की मलाही सोबत पाठवतात, कारण विकणारा माणूस सही मिळावी म्हणून चंद्रसुद्धा हमीवर देईल. सत्तावीस वर्षं त्यांची तिकिटं माझ्या टेबलावरून गेलीत. विमान चुकणं, रद्द होणं, लांबणं यात त्यांचा हात धरणारा माणूस मी पाहिला नाही. रांगेत उभा राहतो तो रांगेतच म्हातारा होतो, असं ते म्हणतात. स्वतः कधी उभे राहत नाहीत. बॅगेत कायम खजुराचा एक डबा असतो, तो खिडकीमागच्या माणसाच्या हातात जातो. मग त्याच्या पोरांची चौकशी, मग त्याच्या गुडघ्याची. तोवर बाकीचे आरडाओरडा करून दमलेले असतात आणि दुसऱ्या कुठल्या तरी विमानातली शेवटची जागा आमची झालेली असते. बैरूतवरून, दोह्यावरून, एकदा तर चक्क इस्तंबूलवरून त्यांनी मला घरी आणलंय.

पण याची दुसरी बाजूही मला पाठ आहे. मुलगी जन्मली तेव्हा हे येमेनमध्ये, सनाला अडकलेले. ती शाळेत गेली तेव्हा त्रिपोलीला. तिला पदवी मिळाली तेव्हा धुकं कैरोत आणि हे धुक्यात. एकुलती एक मुलगी. आमच्याकडे बापाला थोरल्या मुलाच्या नावाने हाक मारतात. यांना मुलगा नाही, तर लोकांनी एक मनातला मुलगा कल्पून त्याच्या नावाने हाक मारायला सुरुवात केली होती. यांनी ठणकावून सांगितलं, "माझं लेकरू जुमाना. मी अबू जुमाना, जुमानाचा बाप." तेव्हा लोक हसले. आता पाण्याच्या खात्याचे मंत्रीसुद्धा त्याच नावाने हाक मारतात.

त्या जुमानाला आज असरनंतर, तिसऱ्या प्रहरी, मागणं येणार होतं. करकहून मुलाकडची तीस वडीलधारी माणसं गाड्या करून सल्टला, अबू जुमानांच्या घरी, यायची होती. मुलगा सुहैब, औषधाच्या दुकानात बसतो, पापभिरू. दोघांचं आधीच जमलेलं, बैठक उपचारापुरतीच. पण उपचाराला बाप लागतो, आणि ही बैठक दोनदा मोडली होती. एकदा अल्जीयर्सच्या संपाने, एकदा अर्बीलच्या बर्फाने. दुसऱ्या वेळी सुहैबच्या आजोबांनी, नव्वदीतले जुने फौजी, निरोप पाठवला, "मुलगी द्यायची नसेल तर सरळ सांगा. विमानांना मध्ये घालू नका." तिसऱ्यांदा करकची माणसं येतील, असं कोणालाच वाटत नव्हतं.

दुपारी एकला फलकावर आमच्या विमानापुढे "रद्द" आलं. दालनात एकच गलका उडाला. मी अबू जुमानांकडे पाहिलं. ते बाकावर बसून होते. खजुराचा डबा बॅगेतून निघाला नव्हता. शाकिरला पोरं किती, हे त्यांनी विचारलं नव्हतं. सकाळपासूनची एकच हालचाल म्हणजे तो कप, आणि कप ठेवून विमान येत नाही हे माझ्यापेक्षा त्यांना जास्त ठाऊक होतं.

मी शेजारी जाऊन बसलो.

"बुधवारच्या विमानात जागा होत्या," मी म्हटलं.

"असतील."

"सही मंगळवारी झाली. बुधवारी, गुरुवारी तुम्ही त्या गिऱ्हाइकाला पंप दाखवत होतात. त्याने विकत घेतलेला पंप."

"त्याला झडप नीट समजली नव्हती."

"इंजिनियर आहे तो, अबू जुमाना."

"तू हिशेबनीस आहेस का हवालदार?"

"दोघांचं काम एकच. आकडा जुळला नाही की विचारायचं. शुक्रवारी बैठक, आणि तुम्ही तिकीट शुक्रवारी सकाळचं काढलंत. सत्तावीस वर्षांत तुम्ही सहीच्या कामाला एक दिवस हाताशी ठेवल्याशिवाय कधी गेला नाहीत."

त्यांनी पाय जवळ ओढले. मग बुटाच्या टोकावरची धूळ दुसऱ्या बुटाने पुसत म्हणाले, "मला वाटलं होतं, थोडा उशीर झाला तर बैठक महिनाभर पुढे जाईल. महिनाच. मी तिच्यासोबत घरात सलग महिनाभर कधी राहिलोच नाही, वासफी. हिशेब तूच केला असशील."

मी केला होता. सांगितला नाही.

असर झाली. अबू जुमानांचा फोन वाजला. सल्टहून थोरल्या भावाचा, अबू नायिफचा. पडद्यावर बैठकीची खोली दिसली. करकची माणसं आली होती! डोक्याला रुमाल, अंगावर झगे, ओळीने बसलेली, प्रत्येकापुढे कप. भावाच्या शेजारी एक रिकामी खुर्ची, तिच्यापुढेही भरलेला कप. सुहैबचे आजोबा काठीवर हनुवटी टेकून बसले होते. त्यांनी कप उचलला, खाली ठेवला, आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "आमची गरज पूर्ण होईपर्यंत ही कॉफी आम्ही पिणार नाही."

भाऊ म्हणाला, "मी घरातला मोठा, शब्द मी देऊ शकतो. पण पोरीने बजावलंय, बापाच्या तोंडून ऐकल्याशिवाय नाही. बोल, भावा."

अबू जुमानांचे ओठ हलले. पडदा गोठला. मग काळा झाला.

माझा फोनही मेला होता. आधीच धूळ, त्यात दालनातली चारशे माणसं एकाच वेळी आपापल्या घरी विमान रद्द झाल्याचं सांगत होती. मी दारापर्यंत धावलो, खिडकीशी हात उंच करून उभा राहिलो, काही नाही. परत आलो तर अबू जुमानांनी फोन घडी केलेल्या रुमालासारखा खिशात घातलेला.

"बघ," ते म्हणाले. "नशिबाच्या मनात नाही."

"नशिबाला तिकीट तुम्ही काढून दिलंत."

तेवढ्यात शाकिर घाम पुसत आला. "हाजी, ऑफिसचा तारेचा फोन चालू आहे! तिकडे कॉफी थंड होतेय म्हणतात. नंबर सांगा."

याला कुणी सांगितलं, कोण जाणे. विमानतळावर बातमीला विमान लागत नाही.

अबू जुमाना उठले नाहीत. "नंबर पाठ नाही," ते म्हणाले. गिऱ्हाइकांचे दोनशे नंबर पाठ असलेला माणूस.

मी शाकिरच्या मागे आत गेलो. आमच्या कंपनीच्या कागदांत प्रत्येकाच्या घरचा एक नंबर असतो, काही वाईट घडलं तर कळवायला. अबू जुमानांच्या कागदावर पंधरा वर्षांपासून एकच नंबर आहे आणि मला तो पाठ आहे, कारण दर वेळी विमान रद्द झालं की त्या नंबरवर मीच फोन करतो. चांगल्या बातमीसाठी तो कधी फिरवला नव्हता. फिरवला.

"कोण?" जुमानाचा आवाज. मागे बायकांची कुजबुज.

"वासफीकाका. बसऱ्याहून."

"काका, त्यांना फोन द्या. लवकर! इथे तीस माणसं कपाकडे टक लावून बसलीत आणि सुहैबच्या आजोबांना डुलकी लागलीय."

मी दारातून हाक मारली. अबू जुमाना आले, पण फोनपासून हातभर लांब उभे राहिले. शाकिरने एक बटण दाबून आवाज मोठा केला.

"बाबा?"

"हं."

"बुधवारी का नाही आलात?"

"हे हिला कुणी सांगितलं?" माझ्याकडे रागाने बघत ते म्हणाले. मी मान हलवली. मी सांगितलं नव्हतं.

"मला कुणी सांगायला कशाला हवं," जुमाना म्हणाली. "तुम्ही पंप विकायला आदल्या दिवशी पोचता. मलाच फक्त धावतपळत येता."

शाकिरने खिडकीकडे तोंड केलं. मी कॅलेंडर वाचू लागलो.

"तू गेलीस की मला काय म्हणून हाक मारतील?" अबू जुमाना म्हणाले. त्यांचा आवाज मी कधी इतका बारीक ऐकला नव्हता.

"अबू जुमाना म्हणून. दुसरं काय? माझं नाव काय मी पेटीत घालून करकला नेणार आहे?" ती हसली. "बाबा, लग्न तीन महिन्यांनी आहे. आज फक्त शब्द द्यायचाय. तीन महिने घरी राहा ना. इतकंच मागते."

"तीन महिने?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"तुमची रजा तीनशे दिवस साठलीय," मी म्हटलं. "वर्षाअखेरीला मी ती खोडून टाकणार आहे."

त्यांनी फोन दोन्ही हातांनी धरला. "पुरुषांच्या खोलीत ने मला."

पावलांचा आवाज आला, दार उघडलं, कोणीतरी खाकरलं. जुमानाने फोन काकाच्या हातात दिला असावा, कारण अबू नायिफ म्हणाले, "सगळे ऐकतायत, भावा."

"करकच्या मंडळींनो," अबू जुमाना म्हणाले, आणि थांबले. शाकिरच्या टेबलाची कड त्यांनी घट्ट धरली होती. "उशीर माझा आहे. विमानाचा नाही. कॉफी प्या. तुमची गरज पूर्ण झाली."

म्हाताऱ्या फौजीचा आवाज, "कुणीतरी गरम करून आणा रे ही!" हशा, मग तीस गळ्यांनी शब्द पक्का करणारी फातिहाची प्रार्थना म्हटलेली, आणि आतल्या खोलीतून बायकांचा जिभा हलवून काढलेला तो लांबच लांब आनंदाचा आवाज, इतका मोठा की शाकिरच्या दारात माणसं जमली.

फोन ठेवल्यावर शाकिरने टेबलाकडे बोट दाखवलं. सकाळचा कप तिथेच होता. त्याने तो कोणालाही उचलू दिला नव्हता.

"हाजी, विमान नाही देता आलं. उद्या पहिलं विमान निघेल त्यात तुमच्या दोन जागा, माझा शब्द. आता तरी?"

अबू जुमानांनी कप उचलला. वर धुळीची बारीक साय धरली होती. ती फुंकून त्यांनी थंडगार कॉफी एका घोटात संपवली. आमच्याकडे रिकामा कप हलवला की आता पुरे, असा अर्थ. त्यांनी हलवला नाही. शाकिरपुढे धरला, आणि दुसऱ्या हाताने बॅगेतून खजुराचा डबा काढत विचारलं, "तुला पोरं किती रे?"